पांढऱ्या रश्श्याचा पहारा

फेब्रुवारी सरत आला की पुण्यातल्या माझ्या गॅलरीत दुपारचं ऊन मुक्काम ठोकतं. स्वेटर माळ्यावर जातात, माठ खाली येतो, आणि मला उगाचच नारळाच्या दुधाचा आणि मटणाच्या आळणी पाण्याचा वास यायला लागतो. आजूबाजूला कोणी काही शिजवत नसतं. वरच्या मजल्यावरच्या काकू फार तर फोडणीचं वरण करत असतात. पण वास येतो, आणि त्याच्या मागोमाग हलगी ऐकू येते. लोकांना उन्हाळा मोगऱ्यावरून कळतो, आंब्यावरून कळतो. मला तो कोल्हापूरच्या फुटबॉलवरून कळतो. तिकडे आता हंगाम भरात आला असणार, पेठेच्या चौकात झेंडे लागले असणार, आणि शहाणीसुरती माणसं सामना बघायला दुकानं अर्धी खाली ओढून निघाली असणार.

परवा कपाट आवरताना मोहरीच्या रंगाचा कुर्ता हाती आला. मागच्या उन्हाळ्यापासून तो मी घातलेला नाही आणि टाकूनही दिलेला नाही. उजव्या बाहीवर रश्श्याचा एक डाग आहे. तो कितीही धुतला तरी गेला नाही, आणि खरं सांगायचं तर मी फारसा धुतलाही नाही. हातात कुर्ता घेऊन मी पलंगावर बसून राहिले आणि आवराआवर तिथेच संपली.

आम्ही दोघी बहिणी गारगोटीच्या. गारगोटीला बाजार होता, शाळा होती, सगळं होतं, पण ‘जायचं’ गाव एकच, कोल्हापूर. आमचे अण्णा शिक्षक. शाळेत कडक आणि घरी त्याहून कडक, पण फुटबॉलचा हंगाम आला की त्यांचा चेहरा बदलायचा. रविवारी आम्हा दोघींना घेऊन ते सकाळच्या एसटीत बसायचे. उतरल्यावर आधी मिसळ, कारण उपाशी पोटी ओरडता येत नाही असं त्यांचं मत होतं. लालभडक कट, वर शेव, सोबत ब्रेडचे जाड तुकडे. नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि ताई तरीही आणखी कट मागायची. मग मैदान. दगडी पायऱ्या उन्हानं तापलेल्या असायच्या, आम्ही खाली वर्तमानपत्र घालून बसायचो, पण ताई बसायचीच नाही. ती उभी. शाळेत कोणी नाव विचारलं तर खाली मान घालणारी माझी बहीण तिथे रेफरीला नावं ठेवायची. परतताना गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, ओठांवर फेसाची पांढरी मिशी, आणि एसटीत ताईचा बसलेला घसा. तो दोन दोन दिवस उघडायचा नाही. आई चिडायची आणि अण्णा पेपरात तोंड लपवायचे.

म्हणून शिवाजी पेठेतलं स्थळ आलं तेव्हा ताईनं मुलाला एकच प्रश्न विचारला होता. मैदान किती लांब आहे? मुलगा, म्हणजे आमचे दाजी, बिचारे गांगरले आणि म्हणाले, गोल झाला तर घरात ऐकू येतंय. बैठकीतली सगळी माणसं हसली. ताईनं होकार दिला. पुढे कधीतरी मला त्या उत्तराची आठवण झाली. दाजी शब्दाला जागले होते. तिला घरात ऐकू येत होतं. तेवढंच येत होतं.

पण हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी मी स्वतः अडकले.

मागच्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला मी चार दिवसांसाठी ताईकडे गेले. एक नोकरी सोडली होती, दुसरी लागायला वेळ होता, मध्ये मोकळी होते. हे मोकळेपणच नडलं. कोल्हापुरातून निघायला ठोस कारण लागतं आणि माझ्याकडे ते नव्हतं. पोचले त्याच दिवशी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सामना होता. ताईचे सासरे, आबा, तरुणपणी याच संघात बॅकला खेळलेले. गुडघा गेला, खेळ सुटला, पण तालीम सुटली नाही. हंगामात त्यांचं खाणं, झोपणं आणि बोलणं सगळं सामन्यांच्या वेळापत्रकावर चालतं. दाजींकडे एक तिकीट जास्तीचं होतं. मी अंगावरच्या मोहरी कुर्त्यातच गेले, वाटेत दोन बटाटेवडे खाल्ले, खांबाशेजारी कठड्याला टेकून बसले, आणि आमचा संघ जिंकला. कित्येक दिवसांनी जिंकला म्हणे.

संध्याकाळी आबांनी निकाल सांगितला. पोरीचा पायगुण हाय. झालं. पुढच्या सामन्यापर्यंत मी हलायचं नाही, हलले नाही. तो सामनाही जिंकला, आणि मग माझं काही खरं राहिलं नाही. तोच कुर्ता, तोही धुवायचा नाही. तोच खांब. दोनच वडे, तिसरा कोणी प्रेमानं दिला तरी नाही. एका सामन्याला खांबाशेजारी कोणी परका गृहस्थ बसला होता. तर पेठेतल्या चार माणसांनी जाऊन त्याला इतक्या अदबीनं उठवलं की तो गोंधळून थेट दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. त्याला वाटलं असणार, मी कोणी मोठी बाई आहे.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला मजा आली. कोल्हापुरात पाहुण्याला ‘पुरे’ म्हणायची मोकळीक असते, फक्त ते कोणी ऐकत नाही. सकाळी मिसळ. अकराच्या सुमाराला शेजारणीकडून ‘जरा चव बघा’ म्हणून वाटीभर काहीतरी. दुपारी भाकरी, सुकं मटण, आणि दोन वाट्या, एक तांबडी, एक पांढरी. तांबडा रस्सा तोंड पेटवतो आणि पांढरा विझवतो, आणि माणूस या दोघांच्या मध्ये सापडून भाकरीमागून भाकरी खात राहतो. संध्याकाळी फिरायला म्हणून नेऊन कॉकटेल आइस्क्रीम चारायचं. रात्री परत ताट. कुर्ता धुवायचा नव्हताच, पण तो आता पोटावर तटतटायलाही लागला होता.

एक दिवस मी बंड केलं. पुण्यात कामं आहेत, मी चालले, असं जाहीर करून बॅग भरली. ताई गालात हसली. कोणी अडवलं नाही, याचंच नवल वाटलं. चौकातून रिक्षा केली, स्टँडला घ्या म्हटलं. रिक्षावाले मामा पेठेतलेच. त्यांनी आरशातून माझ्याकडे नीट बघितलं, गप्पा मारत रंकाळ्यापर्यंत नेलं, गार वारा खा म्हणाले, भडंगाचा पुडा हातात ठेवला, आणि गोल चक्कर मारून परत आमच्याच दारात आणून सोडलं. फायनल झाल्यावर मीच सोडतो की स्टँडला, म्हणाले. भाडंही घेतलं नाही. दारात आबा उभे होते. चहा टाकलाय म्हणाले.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पहिल्यांदा घुसमटल्यासारखं झालं. कोणी डांबून ठेवलं नव्हतं. दार सताड उघडं होतं. पण ज्याला त्याला मी इथे असण्याची गरज होती, आणि ती गरज इतकी प्रेमाची होती की तिच्याशी भांडता येत नव्हतं. आपण निघून गेलो आणि उद्या संघ हरला तर? हा प्रश्न मला, एम.एस्सी. झालेल्या बाईला, खरोखर पडला. मला स्वतःचा राग आला.

उपांत्य सामना जिंकून घरी आलो तेव्हा पेठेत गुलाल उडत होता. मी दमून स्वयंपाकघरात जाऊन टेकले. ताई शेगडीपाशी उभी होती. तिनं मला पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारायला लागली. दुसरा गोल कुणी मारला? कुठल्या पायानं? बॉल कुठून आला होता? गोलकीपर कुठं होता? मी सांगत गेले. मग माझ्या लक्षात आलं की प्रत्येक सामन्यानंतर ती मला हेच विचारत होती, आणि मला वाटत होतं की ती पाहुणीशी गप्पा मारतेय. मी विचारलं, तू का येत नाहीस गं?

तिनं पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्याकडे बोट केलं.

गोष्ट अशी होती. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात, एका महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी, घरात पाहुणे जेवायला यायचे होते. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात बाईमाणूस एकटी ताई. पांढरा रस्सा शेगडीवर होता. नारळाचं दूध घातलं की तो सारखा ढवळावा लागतो, सोडून उठलं आणि उकळी फुटली की रस्सा फुटतो. ताईनं दाजींना सांगितलं, पुढच्या मॅचला येतो. आमच्या भागातल्या बायका ‘येते’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. ताईचं ते अजून सुटलेलं नाही. त्या दिवशी संघ जिंकला. घरी येऊन आबांनी विचारलं, गोल झाला तेव्हा कोण कुठं होतं? सगळ्यांनी आपापल्या जागा सांगितल्या. ताई म्हणाली, रस्सा ढवळत होतो. आबांनी मान डोलावली. ठरलं.

तेव्हापासून संघाच्या प्रत्येक सामन्याला तिनं शेगडीपाशी उभं राहून पांढरा रस्सा ढवळायचा होता. घरात मटण नको असलं तरी. उकाडा असला तरी. आता मोबाईलवर सामना दिसतो, पण त्या पहिल्या दिवशी तिनं तो बघितला नव्हता, म्हणून तोही नाही. मधल्या काळात संघ हरलाही असेल बऱ्याचदा. त्याची कारणं दुसरी निघायची, रेफरी, पाऊस, कोणी तरी बदललेले बूट. ताईची जागा मात्र कायम.

“ओरडा ऐकू येतो गं,” ती म्हणाली. “पण कुणाचा ते कळत न्हाय. दोन्ही पेठा सारख्याच ओरडत्यात.”

मी म्हटलं, मग जा की एक दिवस. कोणी धरून ठेवलंय?

“आन् हरलं तर?”

ती हे अगदी साधं बोलली, मीठ कमी झालं तर, अशा सुरात. मला त्या रिक्षाच्या रात्रीची माझी घुसमट आठवली. माझी चार दिवसांची होती. जिच्या ओरड्यानं मैदानाच्या पायऱ्यांवर हसू पिकायचं, ती माझी बहीण लग्न झाल्यापासून खिडकीतून येणारा दुसऱ्यांचा ओरडा ऐकत उभी होती. फायनल तीन दिवसांवर होती. मी ठरवलं की ही फायनल ताई बघणार.

ती आधी नाहीच म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी नाही म्हणाली, पण वेगळ्या सुरात. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा त्यांच्या जुन्या सवंगड्यांबरोबर पुढे गेले. ते खाली तालमीच्या लोकांत बसत, आम्ही वर. मी मोहरी कुर्ता काढून तिच्या हातात दिला. तिनं तो नाकाला लावला, तोंड वाकडं केलं आणि घातला. डोक्यावरून ओढणी घेतली, लांबून बघणाऱ्याला मीच वाटावी अशी. दाजींनी तिला दारात बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि गाडीला किक मारायच्या आधी मागची सीट हातानं पुसली.

मग मी आणि पातेलं.

एवढा लांब वेळ मी आयुष्यात काढलेला नाही. पळी फिरवत राहायची. नारळाच्या दुधावर साय धरू द्यायची नाही. खसखशीचा, वेलदोड्याचा वास घरभर भरलेला, कपाळावरून घाम, आणि पेठ इतकी रिकामी की समोरच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके ऐकू येत होते. आणि मग मैदानाकडून तो आवाज आला. आवाज म्हणजे काय, सगळं आभाळच तिकडून कलतंय असं वाटलं. कुणाचा? मी खिडकीकडे वळले, पण पळी हातात होती. मोबाईल ओट्यावर पडलेला होता. एक बोट लावलं असतं तर कळलं असतं. मी बोट लावलं नाही. त्या स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, मला कोणी बघत नव्हतं, या असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि मी मोबाईलला हात लावला नाही. ताई इथे काय भोगत होती ते मला तेव्हा कळलं. बाहेरून कोणी कडी घातलेली नसते, म्हणून ती काढताही येत नाही.

आणखी ओरडे झाले. मग बराच वेळ तुटक तुटक ओरडे, थांबून थांबून. टायब्रेकर चालला असणार. मग एक लांबलचक, आणि त्यात हलगी. ती हलगी दुसऱ्या पेठेकडे वळली आणि आमच्याकडे येणारा रस्ता गप्पच राहिला, त्यावरून मला कळलं की आम्ही हरलो.

आबा आधी आले. चपला काढल्या, आत आले, पाणी घ्यायला म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबले. मी शेगडीपाशी. रस्सा एकदम एकजीव, कुठे फुटला नव्हता. आबांनी पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात मागून दाजी आणि ताई आले. मोहरी कुर्ता, ओढणी खांद्यावर घसरलेली, चेहरा उन्हानं लाल, केसांत कुठून तरी गुलालाचा कण. आणि तिचा घसा बसला होता. तिनं तोंड उघडायच्या आधीच मला ते कळलं, मानेवरच्या शिरांवरून.

आबा म्हणाले, “उठलीस व्हय.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

दाजी काहीतरी सांगायला पुढे झाले. ताईनं त्यांचा दंड धरला आणि त्या फुटक्या, घोगऱ्या आवाजात म्हणाली, “आबा, मी उठलो म्हणून हरलो. खरं आसंल. मग एवढी वर्सं मी हितं उभा हुतो म्हणून जिंकत हुतासा. ते एकदा तरी म्हणालासा काय?”

 आबांनी तांब्या खाली ठेवला, पाणी न पिता, आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. आम्ही जेवायला वाढलं. ते आले, जेवले, रस्सा दोनदा घेतला, उठले. त्या घरात ताट टाकून रुसायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी मला कोणी थांब म्हणालं नाही. पायगुण संपला होता. किती दिवस मी सुटकेची वाट बघत होते, आणि आता बॅग भरताना हात चालत नव्हते. ताई नेहमीसारखी वागत होती, फक्त बोलत नव्हती, घशामुळे. मधूनच तिला आदल्या दिवसातलं काहीतरी आठवायचं आणि ती खुणेनं सांगायची, गोलकीपरनं कशी उडी घेतली, कसा बॉल खांबाला लागून बाहेर गेला. हरलेल्या सामन्याबद्दल इतकं खूश माणूस मी बघितलेलं नाही. तिला अपराधी वाटत होतं का? वाटत असेलही. पण ती दोन्ही हात हवेत फेकून ती उडी दाखवत होती.

स्टँडवर आबांनीच सोडलं, स्कूटरवरून.  एसटीच्या खिडकीतून त्यांनी भडंगाचा पुडा आत दिला आणि मग, गाडी सुटता सुटता, विचारलं की पांढरा रस्सा किती वेळ ढवळावा लागतो. मी म्हटलं, उतरवेपर्यंत. मध्ये थांबलं की फुटतो. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, म्हातारा काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय.

यंदाचा हंगाम सुरू झाला तशी मी ताईच्या फोनची वाट बघत होते. फोन आला नाही. मला भीती वाटत होती, की मागच्या वर्षीची ती एक दुपार विसरून सगळं पूर्वीसारखं झालं असणार. ती शेगडीपाशी, खिडकी उघडी, दुसऱ्यांचा ओरडा. विचारायचा धीर होत नव्हता. माझी नवी नोकरी म्हणजे दिवसभर या खोलीत पडद्यासमोर बसणं, सुट्टी मागायची सोय नाही. काल सामना आहे असं दाजींच्या स्टेटसवर बघितलं आणि न राहवून ताईला फोन लावला. पलीकडे नुसता गोंगाट, शिट्ट्या, आणि त्यातून तिचा आवाज, मी ग्राउंडवर हाय, मग बोलतो, आणि फोन बंद. मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

मग आबांना लावला. त्यांनी उचलायला वेळ घेतला.

“बोल. ओट्यावर ठेवलाय फोन. हात गुतल्यात.”

मी विचारलं, तुम्ही घरी? आज? सामन्याला?

“कुणीतरी हितं उभं राहाय पायजे न्हवं?” आबा म्हणाले. “ती उठली. जागा रिकामी ठिवून कसं चालंल?”

 ज्या माणसानं गुडघा जाऊनही एक सामना चुकवला नाही, तो शेगडीपाशी उभा होता. त्यांचा विश्वास तसूभरही हलला नव्हता. त्यांनी फक्त जागा बदलली होती. फोनमधून पळी पातेल्याच्या कडेला लागत होती, एका लयीत, जरा जास्तच जोरात. मी हसून म्हटलं, हळू ढवळा. ते म्हणाले, फुटत न्हाय, बघतोय मी.

तेवढ्यात त्यांच्या खिडकीतून तो आवाज आला. पुण्यापर्यंत, फोनमधून, तोच. पळी थांबली.

“गोल झाला,” आबा म्हणाले. “कुणाचा ते कळंना.”

मी म्हटलं, थांबा, माझ्या मोबाईलवर दिसेल.

“नगं,” ते घाईनं म्हणाले. “सांगू नगंस.”

आणि पळी परत फिरायला लागली.